हातांची परीक्षा



मुलानें उत्तरपत्रिकेंत काय लिहिलें हें आम्ही शिक्षक जन्मभर तपासीत आलों. त्याच्या हातांना काय येतें हें पाहण्याची परीक्षा मात्र आमच्यापाशीं नव्हती. अशी एक परीक्षा युरोपांत सुरू झाली, तिची हकीकत आज सांगावयाची आहे.

यादवी युद्धानंतरच्या स्पेनमध्यें कुशल कारागिरांची मोठी उणीव भासूं लागली. कामें होतीं, तरुणही होते. परंतु हत्यार हातीं धरण्यांत भवितव्य आहे हें त्या तरुणांना, आणि त्याहूनही त्यांच्या आईबापांना, पटवावें कसें? नुसत्या उपदेशानें तें होत नाहीं, हें माझ्यासारख्या उपदेश करण्यांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यानें कबूल करावें हेंच बरें. तेथील मंडळींनीं स्पर्धा भरविली. १९४७ सालच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेंत सुमारें ४००० शिकाऊ उमेदवार उतरले. १९५० सालीं पोर्तुगालचे तरुण माद्रिदला आले. दोन्ही देशांचे मिळून स्पर्धक २४. आज 'वर्ल्डस्किल्स' या नांवानें ओळखली जाणारी स्पर्धा ती हीच. २०२४ सालीं फ्रान्समधील लिओं शहरीं ती भरली, तेव्हां सुमारें १४०० तरुण ५९ प्रकारच्या कामांत उतरले होते.

तिचें महत्त्व मला पदकांत वाटत नाहीं. गवंडीकामाचेंच पाहा. स्पर्धकाला नकाशा, विटा आणि मोजके तास मिळतात. चार दिवसांच्या मुदतींत त्यानें काम उभें करावयाचें. मग परीक्षक ओळंबा, पाणसळ, गुण्या आणि मोजपट्टी लावून मिलिमीटरच्या हिशेबानें तें तपासतात. मुलगा कोणाचा, बोलतो कसा, याची ओळंब्याला पर्वा नसते. शिवाय हें सारें उघड्यावर, हजारों प्रेक्षकांदेखत चालतें. शाळेंतील मुलें येऊन पाहतात. आपल्या घरीं गवंडी आला म्हणजे आपण त्याच्याकडे पाहतों तें 'लवकर आटोप' म्हणण्यापुरतें!

भारतानें २००७ सालीं जपानांतील शिझुओका येथें प्रथम भाग घेतला. २०१९ सालीं रशियांतील कझान येथें जलतंत्रज्ञानांत सुवर्णपदक मिळालें. त्याच वेळीं महाराष्ट्रांतील एका तरुणीनें ग्राफिक डिझाइनमध्यें कांस्यपदक मिळविलें. लिओंला आपल्या तरुणांनीं ४ कांस्यपदकें आणलीं. तेथवर जाण्याची वाट राज्याच्या आणि मग 'इंडियास्किल्स' या राष्ट्रीय स्पर्धेंतून जाते. बहुतेक विषयांत वयाची मर्यादा २२ वर्षांची; तेव्हां निर्णय वेळेवर झाला पाहिजे.

पदकानें पोट भरत नाहीं, असें कोणी म्हणेल. खरें आहे. कारागिराला चोख मजुरी देण्याची आपली तयारी नसेल तर स्पर्धा ही केवळ जत्रा ठरेल. परंतु मुलांना या वाटेवर पाऊलच टाकूं न देणारे आपणच असतों, आणि त्यांत मी स्वतः आहें.

माझा एक विद्यार्थी होता. गणितांत बेताचा, पण शाळेच्या प्रदर्शनासाठीं त्यानें एकही खिळा न मारतां सागवानी पेटी केली होती. तिच्या सांध्यांत कागद शिरत नव्हता. त्याचे वडील विचारावयास आले, "गुरुजी, याला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत घालूं का?" मीं म्हटलें, "पोरगा चांगला आहे. निदान पदवीधर तरी होऊं द्या." तो पदवीधर झाला. पुढें कित्येक वर्षें अर्ज लिहिण्यांत गेलीं. आज तो एका दुकानांत हिशेब लिहितो.

गेल्या महिन्यांत तो भेटावयास आला. आमच्या कपाटाचें दार नीट बसत नव्हतें. बोलतां बोलतां तो उठला, दाराच्या कडेवरून तळहात फिरविला आणि लांकूड नेमकें कोठें फुगलें आहे तें बोटानें दाखविलें. मला पुढें कांहीं बोलवेना. मग मीं त्याला या स्पर्धेची हकीकत सांगितली. थोडा वेळ गप्प राहून त्यानें विचारलें, "गुरुजी, बावीस वर्षांची अट म्हणालांत ना? माझा धाकटा सोळाचा आहे."

या आठवड्यांत आम्ही तिघे तालुक्याच्या प्रशिक्षण संस्थेंत चौकशीला जाणार आहों.