पहिली कोंबडी मेली की सांगा

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी शेळ्या बांधून आत्ताच टेकला असाल. आज परसातल्या कोंबड्यांविषयी बोलू या. अंडी कशी विकायची ते नाही, तर खुराड्यात मर लागली तर काय करायचं ते.

आमच्या गटात अकरा जणी. त्यातल्या नऊ जणींच्या दारात कोंबड्या. जत्रा तोंडावर आली होती. आमच्यातल्या एकीनं आठवडी बाजारातून दोन तलंगा आणल्या आणि रात्री आपल्याच खुराड्यात कोंडल्या. पाच-सहा दिवसांनी एक तलंग पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसली. खाईना. विष्ठा हिरवट-पांढरी, पाण्यासारखी. मग चोच उघडी टाकून श्वास घ्यायला लागली. दुसऱ्या दिवशी घरच्या कोंबडीची मान पिळल्यासारखी वळली. तिसऱ्या दिवशी सकाळी खुराडं उघडलं, तर चार मेलेल्या.

ती बाई कुणाला बोलली नाही. लोक म्हणतील, तुझ्यामुळे वाडीत रोग आला. मेलेल्या कोंबड्या तिनं अंधारात ओढ्याला टाकल्या, त्या कुत्र्यांनी ओढून वर आणल्या. शेजारणीला कुणकुण लागली, तिनं आपल्या धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या घाईनं बाजारात विकल्या. पुढच्या आठवड्यात खालच्या वाडीतही मर लागली. बारा दिवसांत आमच्या नऊ घरांतल्या ६३ कोंबड्यांपैकी १४ उरल्या. त्यातल्या ८ एकाच घरच्या. त्या घरानं तीन महिन्यांपूर्वी दवाखान्यात नेऊन लस टोचून घेतली होती.

दोष त्या एकटीचा नाही, हे आम्ही आधीच कबूल करतो. आमच्या इतिवृत्ताच्या वहीत ‘कोंबड्यांना लस, पुढच्या महिन्यात’ असं तीन बैठकांत लिहिलेलं होतं. वही आमच्याच हातातली होती.

या रोगाला आपण मानमोडी म्हणतो. डॉक्टर राणीखेत म्हणतात. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून ते नाव पडलं. हा विषाणूचा रोग आहे. देवीचा कोप नाही, कुणाची नजर नाही. आजारी पक्ष्याची विष्ठा, लाळ, तिनं उष्टावलेलं पाणी, आपल्या चपला, पाटी, डालगं, बाजारातून आणलेला पिंजरा, या सगळ्यातून तो घरोघर जातो. लस न दिलेल्या कळपात शंभरातल्या नव्वद-पंचाण्णव कोंबड्याही जातात.

आता मनाला न पटणारी गोष्ट. रोग लागल्यावर यावर औषध नाही. हळद, कांदा, लसूण, मिरची सगळं आम्ही करून पाहिलं. दवाखान्यातल्या पावडरीनं थोडी ताकद येते, सोबतचे दुसरे आजार आवरतात, पण विषाणू मरत नाही. म्हणून कोंबडी आजारी दिसली की औषध शोधत फिरण्याआधी बाकीच्या कशा वाचतील ते पाहायचं.

आजारी कोंबडी लगेच वेगळी करा. बाकीच्या मोकळ्या सोडू नका, घरीच कोंडून दाणापाणी द्या. निरोगी कोंबड्यांचं आधी करा, आजारीचं शेवटी, आणि नंतर हातपाय साबणानं धुवा. त्या दिवसांत दुसरीच्या खुराड्याकडे जाऊ नका, तिलाही आपल्याकडे येऊ देऊ नका. मेलेली कोंबडी ओढ्यात, उकिरड्यावर टाकू नका. कमरेइतका खड्डा खणा, कोंबडी टाका, वर चुना पसरा, माती दाबा आणि कुत्र्यानं उकरू नये म्हणून दगड ठेवा. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा, तोंडावर पदर घ्या. या रोगानं माणसाचे डोळेही लाल होतात, म्हणून तोच हात डोळ्याला लावू नका.

मर थांबली म्हणून लगेच नव्या कोंबड्या आणू नका. खुराड्यातली विष्ठा, भुसा काढून जाळा किंवा पुरा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं घासा, वाळू द्या, मग चुना मारा. घाणीवरच चुना मारला तर उपयोग नाही. महिनाभर खुराडं उघडं ठेवून ऊन लागू द्या. आणि इथून पुढं बाजारातून, माहेराहून, कुठूनही कोंबडी आली की तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली.

आता लसीचं. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. आठ आठवड्यांची झाली की आर-टू-बी लसीचं इंजेक्शन, पंखाखाली. त्याच्या आठवडाभर आधी जंताचं औषध दिलेलं बरं. पुढं दर सहा महिन्यांनी लस कधी द्यायची ते डॉक्टरांना किंवा पशुसखीला विचारून वहीत लिहा. लस निरोगी कोंबडीलाच द्यायची. ती बर्फात आणायची, उन्हात ठेवायची नाही, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायची.

मैत्रिणींनो, इथंच गटाचं काम आहे. लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची असते. आपल्या एकेकीकडे सात, दहा, फार तर पंधरा. एका घरासाठी बाटली कोण फोडणार? म्हणून आम्ही आता सगळ्या वाडीचा एकच दिवस ठरवतो. आदल्या रात्रीच कोंबड्या कोंडायच्या आणि पहाटे पशुसखीबरोबर घरोघर फिरायचं. गटात नसलेल्या घरांनाही बोलावतो, कारण त्यांची कोंबडी आपल्याच उकिरड्यावर चरते.

एकाएकी खूप कोंबड्या मेल्या, तुरे-गलोल निळे पडले, कावळे किंवा रानपाखरंही मरून पडली, तर स्वतः काही ठरवू नका. तो बर्ड फ्लू असू शकतो. २००६ साली आपल्या राज्यात नंदुरबारच्या नवापूरला तो आला होता. मानमोडी की बर्ड फ्लू, हे तपासणीशिवाय कळत नाही. मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता जनावरांच्या दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. आजारी कोंबडी कापून खाऊ नका आणि विकू नका. बाजारात विकलेली आजारी कोंबडी म्हणजे दुसऱ्या बाईच्या दारात टाकलेला रोग.

आम्हाला ठाऊक आहे, हे बोलणं सोपं आहे. त्या बाईच्या सतरा कोंबड्या गेल्या. एकीचे चारशे धरले तरी ६,८०० रुपये. त्यातून पोराची फी आणि गटाचा हप्ता निघायचा होता. असं नुकसान समोर दिसत असताना कोण खरं बोलेल? म्हणून आम्ही बैठकीत ठराव केला. जी बाई पहिली कोंबडी आजारी पडताच गटाला सांगेल, तिला तीन महिने हप्त्याचा दंड नाही, आणि पुढची पहिली पिल्लं गटातल्या बाकीच्या जणी देणार. नंतर एकदा रात्री दहा वाजता एकीनं दार वाजवलं. ‘ताई, माझी कोंबडी झोपाळतेय.’ त्या वेळी तिच्या तीन गेल्या, वाडीतली दुसरी एकही नाही.

ती ओढ्याकडे गेलेली मैत्रीण आज आमच्या गटात लसीची वही सांभाळते. एकही तारीख चुकत नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. कुणाकडे किती कोंबड्या, शेवटची लस कधी, हे लिहून काढा. ‘पुढच्या महिन्यात’ असं लिहू नका, तारीख लिहा. रामराम.