मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993. मुंबईत दंगल उसळली आणि 900 माणसं गेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात त्यांच्या मृत्यूंची कारणवार नोंद आहे. त्यातला एक आकडा आजही अस्वस्थ करतो: 356 मृत्यू पोलिसांच्या गोळीबारात झाले. काही पोलिसांच्या पक्षपातावरही आयोगानं स्पष्ट बोट ठेवलं.

त्याच दिवसांत शेजारची भिवंडी मात्र शांत राहिली. यंत्रमागांचं हेच गाव 1970 आणि 1984 मध्ये भीषण दंगलींत होरपळलं होतं. मग या वेळी काय बदललं होतं?

1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथं मोहल्ला समित्या उभ्या केल्या. समितीत हिंदू-मुसलमान दोघंही, आणि सोबत त्या भागाचा बीट हवालदार. हा हवालदार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बैठकीत शेजाऱ्यांची भांडणं, गल्लीतल्या रोजच्या कुरबुरी निघायच्या, त्या तिथंच मिटवायच्या. त्यामुळे अफवा उठली तर कोणाला विचारायचं हे लोकांना ठाऊक होतं, आणि कोणाशी बोलायचं हे हवालदाराला.

शहराच्या पोलीस बंदोबस्ताचा आढावा घेताना आपण गाड्या, लाठ्या, ढाली, राखीव दलाच्या तुकड्या मोजतो. त्या लागतातच. पण शांततेच्या काळात, दोन्ही वस्त्यांतली किती माणसं आपल्या हवालदाराला नावानं ओळखतात, हेही त्या आढाव्यात लिहिलं गेलं पाहिजे.