हिरवी भुकटी आणि मुलांचे ताट

(रविवारच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेले भाषण)



मागच्या महिन्यात आपल्यातल्या एका कुटुंबाने प्रेमाने विचारले, "ताई, वसतिगृहातल्या मुलांना वर्षभर स्पिरुलिनाच्या गोळ्या देऊ का?" मी लगेच हो म्हटले नाही. कुणाला वाईट वाटले असेल, म्हणून आज मोकळेपणाने सांगते.

स्पिरुलिना म्हणजे पाण्यात वाढणारे निळसर-हिरवे शेवाळ. शास्त्रज्ञ त्याला जिवाणूंच्या कुळात घालतात, पण आपण शेवाळच म्हणू. मेक्सिकोतले अॅझ्टेक लोक ते टेक्सकोको सरोवरातून काढून खात. आफ्रिकेत चाड सरोवराकाठच्या कानेंबू बाया ते वाळूवर वाळवून त्याच्या वड्या करतात, त्यांना 'दिहे' म्हणतात. १९६० च्या दशकात जाँ लेओनार या बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञाने या वड्यांकडे जगाचे लक्ष वेधले. पण त्या बाया दिहे नुसते खाऊ घालत नाहीत. त्याचे कालवण करून भरड धान्याबरोबर वाढतात. एवढे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुरुवातीला सगळा भर प्रथिनांवर होता, कारण वाळलेल्या भुकटीत साधारण ६० टक्के प्रथिने असतात. आता संशोधनाचा रोख 'फंक्शनल फूड'कडे वळला आहे, म्हणजे पोट भरण्यापलीकडे शरीराला काही खास फायदा देणारे अन्न. त्यातले फायकोसायनिन नावाचे निळे द्रव्य, कोलेस्टेरॉल, रक्तातली साखर यांवर देशोदेशी चाचण्या होतात. काहींत कोलेस्टेरॉल थोडे उतरलेले दिसते. मात्र पुष्कळ चाचण्या मोजक्या माणसांवर आणि मोजक्या आठवड्यांच्या आहेत. गोळीच्या डबीवर हे छापलेले नसते!

आपल्या कामाशी जवळचे संशोधन बुर्किना फासो या गरीब देशातले आहे. तिथे कुपोषित बालकांच्या एका अभ्यासात नेहमीच्या पोषण-उपचाराला स्पिरुलिनाची जोड दिली. मुले सुधारली, पण स्पिरुलिना न मिळालेलीही तितकीच सुधारली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ५५० मुले होती. त्यात बाजरी, सोयाबीन व शेंगदाण्याच्या पिठाबरोबर स्पिरुलिना दिलेल्या मुलांची प्रगती सर्वांत चांगली झाली. म्हणजे पुन्हा कानेंबू बायांचेच कालवण.

दानीएलाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. त्याने कारभाऱ्याला सांगितले, दहा दिवस आम्हाला शाकाहार दे आणि मग राजाचे अन्न खाणाऱ्या मुलांशी आमची तुलना कर. मला त्यातली तुलनाच मोठी वाटते. तुलना नसेल, तर मूल गोळीने सुधारले की रोजच्या गरम जेवणाने, हे कसे कळणार?

आता साधा हिशेब करू. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढी स्पिरुलिनातून द्यायची तर १० ग्रॅम भुकटी लागेल, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या २० गोळ्या. कोणते मूल गिळेल? ब-१२ साठीही या गोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही. त्यात जे असते ते बहुतांशी शरीराला न वापरता येणारे रूप असते. शिवाय शेवाळ अस्वच्छ पाण्यात वाढवले तर त्यात जड धातू आणि इतर शेवाळांची विषे येऊ शकतात. म्हणून तपासणीचा दाखला नसलेला स्वस्त माल मी मुलांना देणार नाही, फुकट मिळाला तरी.

मी स्पिरुलिनाच्या विरोधात नाही. त्यात लोह आहे, बीटा-कॅरोटीन आहे. पण आमच्या मुलांच्या ताटात कितीतरी दिवस भात आणि पातळ डाळ एवढेच असते. आधी ते ताट भरू या.

त्या कुटुंबाशी मी बोलले. त्यांनी गोळ्यांऐवजी आठवड्यातून तीन दिवस अंडी आणि रोज मूठभर शेंगदाणे देण्याचे कबूल केले आहे. मुलांची वजने या शनिवारी घेऊन वहीत लिहू, तीन महिन्यांनी पुन्हा घेऊ, आणि जे आकडे येतील ते, चांगले असोत वा नसोत, याच मंडळीपुढे वाचून दाखवीन.