निगेटिव्हची निगा
(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



फोटो काढायला हल्ली कोणाला शिकवावे लागत नाही. नातवंडेच आपल्याला शिकवतात. मी बोलणार आहे ते पाकिटात पडून राहिलेल्या जुन्या पट्ट्यांविषयी. घर आवरताना अल्बम तेवढा ठेवतात आणि निगेटिव्ह केरात जातात. वास्तविक अल्बममधला फोटो ही नक्कल. अस्सल ती पट्टीच.

होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांनी १९७० च्या सुमारास कॅमेरा खाली ठेवला. पण संग्रह जपला गेला, म्हणून २०१० साली दिल्लीत त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरू शकले.

स्टुडिओत रोल धुऊन वाळला की आधी कॉन्टॅक्ट काढीत. छत्तीस फोटोंच्या रोलच्या सहा-सहा फोटोंच्या सहा पट्ट्या होतात आणि त्या ८ × १० इंची एका कागदावर मावतात. तांबड्या दिव्याखाली कागदाची मसाल्याची बाजू वर ठेवायची, तिच्यावर पट्टीची मंद बाजू खाली करून मांडायची आणि वर स्वच्छ, जाड काच. मग काही सेकंद पांढरा उजेड. किती? पट्टीची कडेची कोरी जागा कागदावर जेमतेम पूर्ण काळी होईल इतकाच. नंतर कागद डेव्हलपरमध्ये, मग हायपोत, मग भरपूर पाण्यात. काच नीट दाबली नाही तर चित्र पुसट येते. हा खटाटोप घरी नको असेल, तर पट्ट्या उजळ पांढऱ्या पडद्यावर मांडून मोबाइलने फोटो घ्यावा व रंग उलटे करावेत. ओळख पटण्यापुरते काम होते.

या कागदाचा खरा फायदा असा की, पुन्हा पुन्हा पट्टी हाताळावी लागत नाही, आणि चेहऱ्यांची नावे लिहिता येतात. ही नावे सांगणाऱ्या बायका आहेत तोवरच हे काम व्हायला हवे, बरे का!

आता ठेवणीचे. पट्टी कडेनेच धरावी. एकेक फोटो कापून सुटा करू नये. पाण्याने पुसू नये. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या नकोत. पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवाव्यात. माळ्यावर उकाडा, मोरीच्या भिंतीला ओल, म्हणून दोन्ही जागा वर्ज्य. पट्टीवरचा थर जिलेटिनचा. पावसाळ्यात बुरशीला ती मेजवानीच. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि अधूनमधून बदलावी. डांबराच्या गोळ्या साड्यांत शोभतात, इथे नकोत.

पाकीट उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ॲसिटेटची फिल्म कुजू लागली असे समजावे. कुजणे उलटवता येत नाही. अशा पट्ट्या चांगल्यांपासून लगेच वेगळ्या कराव्यात, कारण तो वाफारा शेजारच्यांनाही बाधतो. आणि त्यांची नक्कल सर्वांआधी करून घ्यावी. कडेला ‘नायट्रेट’ असे छापलेले दिसले तर ती चीज पेट घेणारी. घरात न ठेवता जाणकारांना विचारावे.

आपल्या मंडळाच्या कपाटात खालच्या खणात अशा पाकिटांचा एक डबा आहे. हळदीकुंकवाचे, सहलींचे, शिवणवर्गाचे रोल त्यात आहेत. पुढच्या सभेला तो उघडू. ज्येष्ठ सभासदांनी चष्मा जरूर आणावा, आणि पेन्सिलीही.