पाण्याखालचें गांव
(चिखली येथें धरणग्रस्त गांवकऱ्यांच्या बैठकींत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



आज येथें शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार, चांभार असे सर्व कष्टकरी बसले आहांत. तुमच्यापैकीं कित्येकांची काळी आणि पांढरी दोन्ही खडकपूर्णेच्या पाण्याखालीं गेलीं. देऊळगांव महीजवळ धरण झालें आणि तुम्हांला नव्या गांवठाणांत यावें लागलें. जुन्या गांवाचे गट नंबर सरकारी दप्तरांत आहेत, खातेदारांचीं नांवेंही आहेत. पण मारुतीच्या पारावर दुपारीं कोण टेकत असे, लोहाराचा भाता कोणत्या लिंबाखालीं चाले, अडलेल्या बाळंतिणीसाठीं रात्रीं कोणाचें दार ठोठावीत, हें कोणत्या सातबाऱ्यावर आहे? तें फक्त तुमच्या डोक्यांत आहे.

त्या गांवाला आतां पायांनीं जातां येत नाहीं. मनानेंच जावें लागतें. हा रिकामपणचा उद्योग आहे, असें कोणी म्हणेल. त्याला आपल्या दारचेंच उदाहरण द्या. महात्मा जोतीराव फुले १८९० सालीं वारले. पंढरीनाथ पाटलांनीं लिहिलेलें त्यांचें चरित्र आपल्याच चिखलीहून १९२७ सालीं निघालें. मध्यें सदतीस वर्षें गेलीं होतीं. जोतीरावांना डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें म्हातारीं झालीं होतीं. पाटलांनीं त्यांच्या आठवणी मिळविल्या. आणखी वीस वर्षें कोणी विचारलें नसतें, तर त्या आठवणी त्या माणसांबरोबरच गेल्या असत्या.

मग जावें कसें? वेशीपासून सुरुवात करा. सकाळची वेळ धरा. डाव्या हाताचें पहिलें घर कोणाचें, दुसरें कोणाचें, असें एकेक दार घेत चला. भिंत मातीची कीं विटांची, पेव कोठें होतें, आवा कोठें पेटे, हें विचारा. म्हाताऱ्यांनीं सांगावें, पोरांनीं कागदावर नकाशा काढावा. जेथें आठवण थांबते, तेथें कल्पना धांवून येते व रिकामी जागा भरून टाकते. तिला हांकलूं नका. पण तिची रेघ वेगळ्या शाईनें ओढा.

दुसरी गोष्ट. गांव गोडच आठवतें, कारण जो तो आपल्या ओट्यावरून पाहतो. या जलाशयाला संत चोखासागर म्हणतात. चोखोबा आपल्याच जिल्ह्यांतल्या मेहुण्याचे. त्यांना पंढरीच्या देवळाचें दार बंद होतें. त्यांची समाधि महाद्वाराच्या पायरीपाशींच राहिली. त्यांचें नांव धारण करणाऱ्या पाण्याखालच्या गांवाचा नकाशा काढतांना विहीर दाखवाल, आणि तिच्यापासून दूर घागर घेऊन कोणाला उभें राहावें लागे तें गाळाल, तर तो नकाशा खोटा ठरेल. म्हणून एकट्यानें चालूं नका. वाड्यांतला, कारागिरांच्या आळींतला आणि गांवकुसाबाहेरचा, असे तिघे बरोबर चाला. बायकांना तर आधीं विचारा. डोक्यावर पाणी वाहिलेल्या बाईला जेवढ्या वाटा ठाऊक, तेवढ्या पाटलालाही नसतात.

नव्या गांवठाणांत जन्मलेलें पोर उद्यां विचारील, “आजोबा, आपण मूळचे कोठले?” त्याला गट नंबर सांगूं नका, वेशींतून आंत न्या. ते रस्ते पायांनीं तुडविलेलीं माणसें दरसाल कमी होत आहेत. म्हणून येत्या रविवारींच बसूं या. कागद आणि दोन रंगांची शाई मी घेऊन येतों.