खिडकीतलं गाढव

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, तरी आज मी एक चित्रच सांगणार आहे. हातातलं काम चालू ठेवा, फक्त डोळ्यांपुढे आणा.

बेल्जियममधलं अँटवर्प शहर, साल १५५७. पीटर ब्रूगेल या चित्रकाराने आदल्या वर्षी काढलेलं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलं गेलं. कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वर ओलसर कागद ठेवून जोरात दाबायचं. एका पत्र्यावरून पुष्कळ प्रती निघायच्या.

चित्रात शाळा आहे. पोरं जमिनीवर दाटीवाटीने बसलेली. कुणाच्या हातात कागद, कुणाचं भलतंच काहीतरी चाललंय. अभ्यास कमी, धिंगाणाच जास्त. मधोमध मास्तर. टोपीत फोकांची जुडी खोचलेली, आणि एका पोराला उघडं करून ढुंगणावर मारायला हात उगारलेला. एवढी पोरं आणि मास्तर एकटा! आपल्या अंगणवाडीताईंना हे नवीन वाटणार नाही.

आणि खिडकीत एक गाढव. पुढ्यात गाण्याचा कागद, शेजारी मेणबत्ती आणि चष्मा. चित्राखाली लिहिलंय त्याचा अर्थ असा, की गाढव शाळेत गेलं म्हणून घोडा होऊन परत येत नाही.

हे वाचून लोक हसतात. मला हसू आलं नाही. गणित चुकलं की मला वर्गात गाढव म्हणायचे, तेही सगळ्यांसमोर. सातवीत मी शाळा सोडली. घरी सांगितलं, शेतात माणूस कमी पडतंय. खरं कारण आजवर आईलाही सांगितलेलं नाही, आज तुम्हालाच सांगतेय.

खालचं वाक्य गाढवाला नावं ठेवतं. पण चित्र नीट बघितलं तर मास्तरालाही सोडलेलं नाही. जो मारण्यातच गुंतलाय, तो शिकवणार कधी?

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हे चित्र मोबाईलवर दाखवलं. एक आजी आहेत, अंगठा लावतात. पासबुक दुसऱ्याकडून वाचून घेतात आणि सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतात. त्यांनी चित्र जवळ धरलं, लांब धरलं, आणि म्हणाल्या, "अगं, चष्मा तिथं ठेवलाय, पण त्याच्या डोळ्यावर कुणी चढवलाच नाही की!"

मग हळूच विचारलं, "माझे डोळे कुठं तपासतील गं?"

येत्या सोमवारी मी त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन जाणार आहे. पासबुक बरोबर घ्यायला सांगितलंय.