फुकट आणि मुक्त

पुण्याच्या बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकाने आहेत आणि जवळच तपकीर गल्लीत विजेच्या व संगणकाच्या सामानाची. पुस्तक चाळून बघता येते, संगणकाचा सुटा भाग हातात घेऊन पाहता येतो. पण तो संगणक ज्या आज्ञावलीवर चालतो तिचे काय? ती पुष्कळदा नुसती वापरायला मिळते. आतली रचना पाहण्याची वा बदलण्याची मुभा नसते.

याला दुसरा मार्ग निघाला. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली आणि फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली हाती घेतलेल्या कामांतून लिनक्स प्रणाली उभी राहिली. तिचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, सुधारावा, वाटावा.

आता आपण म्हणाल, फुकट मिळते तर गरीब देशांनी ती आधी उचलायला हवी! हिशेब इतका सरळ नाही बरं का. जिथे विकतच्या आज्ञावलीची चोरटी नक्कल सहज मिळते, तिथे फुकटपणाचे अप्रूप कोणाला? मग सवयीचे वजन पडते. क्लासमध्ये जे शिकवले तेच कचेरीत मागतात आणि कचेरीत मागतात म्हणून क्लास तेच शिकवतो. शिवाय सुधारणा करायची, तर इंग्रजी हवे, इंटरनेट हवे आणि पोटापाण्याच्या कामातून उरलेला वेळ हवा. हे सारे सधन देशांत अधिक.

हे चक्र मोडते कसे? केरळचे उदाहरण घ्या. तिथे २००१ साली शाळांसाठी संगणकशिक्षणाची सरकारी योजना सुरू झाली. पुढे शिक्षकांना तयार करून सरकारी शाळांतले संगणक मुक्त प्रणालीवर आणले गेले. भारत सरकारनेही २०१५ साली आपल्या खात्यांसाठी मुक्त प्रणालीला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले.

आणि भाषेचे काय? कंपनी गिऱ्हाईक मोजते. बाजार लहान, तर ती भाषा मागे राहते. मुक्त आज्ञावलीत मात्र कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. लोहित हे भारतीय लिप्यांचे मुक्त टंक रेड हॅट कंपनीने २००४ साली खुले केले. त्यांवर पुण्यातही काम झाले. त्यांत आपली देवनागरी आहे.

तात्पर्य, फुकट मिळाल्याने वस्तू घरात येते. ती आपली होते ती शिकल्याने. तेव्हा मुलांच्या शाळेत कोणती प्रणाली शिकवतात, आणि तीच का, एवढं तरी आपण जरूर विचारा.